सव्वाशे रुपयांची चूक आणि पुण्याचा भाऊ

पत्राचा गोषवारा: चोपडा तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमधून (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यातून) हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई अठ्ठावीस वर्षांच्या, बी.कॉम. झालेल्या. वडील आणि काका यांच्या भागीदारीतल्या जिनिंगचं ऑफिस त्या सांभाळतात. हंगामात दिवसाला साठ ते सव्वाशे गाड्या काट्यावर येतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ड्रॅग-ड्रॉप करून ॲप बनवता येणाऱ्या एका लो-कोड टूलवर स्वतःच ॲप तयार केलं: गाडीची नोंद, ओलावा, भाव, पावती, शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज. दोन हंगाम छान गेले. यंदा त्यात ‘माल आज, भाव नंतर’ हा व्यवहार आणि उचलीची वजावट घातली आणि गाडं अडलं. एका शेतकऱ्याला १२५ रुपये कमी गेले आणि त्याने गेटवर चारचौघांत हिशोब मागितला. महिनाभरात हंगामाची एकूण आवक काट्याच्या रजिस्टरपेक्षा कमी दिसू लागली. एका गाडीचं २,८६० किलो वजन २,६८० असं टाइप झालं. आता वडिलांचा विश्वास उडाला आहे. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेला चुलतभाऊ म्हणतो, “हे खेळणं फेकून दे, नीट प्रोग्रॅम लिहून घे.” जळगावच्या एका सॉफ्टवेअरवाल्याने साडेपाच लाखांचं कोटेशन दिलं आहे. टूलवाले फोनवर सांगतात, “मॅडम, सगळं विनाकोड होतं.” ताईंचा प्रश्न: खरं कोणाचं? आणि शेवटी बारीक अक्षरात: ‘मी प्रोग्रॅमर नाही, मग हे करायला नकोच होतं का?’

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात प्रश्न कळला, दुसऱ्या वाचनात त्या सव्वाशे रुपयांवर अडकलो. कोटेशन, पुण्याच्या भावाचं मत, टूलवाल्यांचे फोन हे सगळं घटकाभर बाजूला ठेवू आणि आधी ते सव्वाशे रुपये शोधू. तुम्ही तिन्ही गाड्यांचे आकडे सोबत पाठवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण “हिशोब चुकतोय” एवढंच लिहितात.

शेतकऱ्याने नोव्हेंबरात तीन गाड्या टाकल्या. १८.४०, २२.१० आणि १९.५० क्विंटल, मिळून बरोबर ६०. भाव बाकी. डिसेंबरात पैशांची गरज पडली तेव्हा त्याने ४० क्विंटलचा भाव ७,१०० ने पक्का केला. उरलेल्या २० चा जानेवारीत, ७,३५० ने. तोंडी हिशोब कोणीही करील: २,८४,००० आणि १,४७,०००, एकूण ४,३१,०००. तुमच्या ॲपने काढले ४,३०,८७५.

तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये भाव हा पावतीच्या ओळीतलाच एक रकाना आहे. म्हणजे एका पावतीला एकच भाव. चाळीस क्विंटल मोजायला घेतले तर पहिली पावती पूर्ण जाते, दुसरीतले २१.६० जातात आणि अर्धा क्विंटल मागे राहतो. त्या अर्ध्या क्विंटलला तुमच्या ॲपमध्ये उभं राहायला जागाच नव्हती. मग आख्खी दुसरी पावती ७,१०० मध्ये बसली. अर्धा क्विंटल गुणिले अडीचशेचा फरक, झाले सव्वाशे.

आता सांगा, तुमच्या भावाने हेच पायथॉनमध्ये किंवा जावामध्ये लिहिलं असतं आणि भाव पावतीच्याच ओळीत ठेवला असता, तर काय झालं असतं? सव्वाशेच कमी आले असते. फक्त ते शोधायला पुण्याहून माणूस यावा लागला असता. ही चूक टूलची नाही. माल येणं आणि भाव ठरणं या दोन वेगळ्या घटना आहेत, त्या तुम्ही एका ओळीत बांधल्या. पहिली दोन वर्षं ते चाललं, कारण तेव्हा माल आणि भाव एकाच दिवशी होत होते. व्यवहार बदलला, मांडणी तीच राहिली.

तुमच्या ऑफिसातल्या दिवाणजींची, म्हणजे जुन्या हिशोबनीसांची, वही काढून पाहा. माझा अंदाज आहे की भाव बाकी असलेल्या खात्याची आवक एकीकडे आणि ठरलेले भाव दुसरीकडे असे त्यांनी लिहिले असतील. संगणकाच्या भाषेत यालाच दोन टेबलं म्हणतात. ‘आवक’चं टेबल वेगळं, ‘सौदा’चं वेगळं आणि शेतकऱ्याचा खाते क्रमांक दोन्हींना जोडणारा. उचल हे तिसरं टेबल. उचल दिली तो दिवस, रक्कम, कशासाठी. आणि वळती झाली, म्हणजे मालाच्या पैशांतून वजा झाली, ती तारीख व रक्कम यांची स्वतंत्र ओळ. पूर्वीची ओळ खोडून नवा आकडा टाकायचा नाही. हे तुमच्या सध्याच्या टूलमध्येही करता येतं. कोणत्याही टूलमध्ये करावंच लागतं.

तर ‘खेळणं’ आणि ‘खरा प्रोग्रॅम’ ही भावाने केलेली वाटणी मला तितकीशी पटत नाही. ‘लो-कोड’ हे नाव फॉरेस्टर या संस्थेच्या विश्लेषकांनी २०१४ साली रूढ केलं, पण गोष्ट जुनी आहे. पडद्यावर रकाने मांडायचे, सूत्रं लिहायची आणि धंदा चालवायचा, हे १९७९ च्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीटपासून चालू आहे. १९८५ मध्ये एक्सेल आलं आणि आज आपल्या भागातली बरीच दुकानं त्याच्यावर हिशोब करतात. जळगावच्या दालमिलमध्ये एक्सेलच्या शीटला कोणी खेळणं म्हणत नाही, कारण त्या शीटवरून पगार निघतात.

पण टूलवाल्यांचंही मी मान्य करत नाही. तुमच्या स्क्रीनशॉटमधलं ते वजावटीचं सूत्र पाहिलं. ‘जर’च्या पोटात ‘जर’, त्याच्या पोटात आणखी ‘जर’. मी अकरापर्यंत मोजले आणि सोडून दिलं. ताई, हा प्रोग्रॅमच आहे. तुम्ही गेली तीन वर्षं प्रोग्रॅमिंग करताय, फक्त तुम्हाला तसं कोणी सांगितलं नाही. आणि सांगितलं नाही म्हणून प्रोग्रॅमर ज्या सवयी अंगाला लावून घेतो त्या तुमच्या वाट्याला आल्या नाहीत. बदल करण्याआधीची प्रत ठेवणं. एका वेळी एकच बदल. बदलाची परीक्षा वेगळ्या कॉपीत, चालू ॲपमध्ये नाही. ‘दुपारी गाड्या उभ्या असताना सूत्र दुरुस्त केलं’ असं तुम्ही लिहिलंय. हे वाचून मला माझंच जुनं आयुष्य आठवलं.

१९९७ च्या सुमारास मी एका दालमिलसाठी फॉक्सप्रोमध्ये प्रोग्रॅम लिहिला. तुरीची आवक, डाळ, चुनी, भुसा, हमाली, सगळं त्यात. शुद्ध कोड, एकही बटण ओढून ठेवलेलं नाही. तुमच्या भावाला आवडला असता. तो सोळा वर्षं चालला आणि त्याचा मला गर्वही होता. एका हंगामात मी टायफॉइडने वीस-बावीस दिवस अंथरुणावर होतो आणि नेमका तेव्हा शेठजींनी हमालीचा दर पोत्याऐवजी क्विंटलवर केला. कोडची एकच प्रत माझ्याकडे, त्यात टिपा नाहीत, आणि मेलेल्या माणसाच्या खिशातली किल्ली असावी तसा तो प्रोग्रॅम. तीन आठवडे मिल वहीवर चालली. शेठजी काही बोलले नाहीत. मला भेटायला आले तेव्हा वही सोबत घेऊन आले होते. पुढे मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोच बंद केलं. शेवटच्या आवृत्तीचा आधारही २०१५ च्या जानेवारीत संपला.

म्हणजे कोड लिहिला की कायमचं काम झालं, असंही नाही. दुसरीकडे गूगलने ॲप मेकर नावाचं लो-कोड टूल काढलं होतं, ते २०२१ च्या जानेवारीत बंद केलं. त्यावर बांधलेली ॲप्स लोकांना दुसरीकडे नव्याने उभारावी लागली. मरण दोन्हींना आहे. प्रश्न इतकाच, की त्या दिवशी तुमच्या हातात काय उरतं. म्हणून आजच एक काम करा. तुमच्या टूलमधून सगळ्या आवका, सगळे सौदे, सगळ्या उचली सीएसव्ही फाइलमध्ये (कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणारी साध्या रकान्यांची फाइल) बाहेर काढून एक्सेलमध्ये उघडा. शेतकऱ्याचं नाव मराठीत नीट दिसतंय का, तारखा उलट्या झाल्यात का, पावतीचा फोटो सोबत येतोय का ते पाहा. हे अर्ध्या तासात जमलं तर तुम्ही निम्म्या मोकळ्या आहात. नाही जमलं, तर तो टूल बदलण्याचा निम्म्याहून मोठा मुद्दा आहे आणि तो सव्वाशे रुपयांपेक्षा गंभीर आहे.

आता दुसरी चूक, एकूण आवक कमी दिसण्याची. ही मात्र बहुधा टूलची मर्यादा आहे, आणि अशा मर्यादा गुपचूप चावतात. बरीच टूल्स दूरच्या सर्व्हरवर ठेवलेल्या डेटाची बेरीज करताना सगळ्या ओळी पाहत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्सचं उदाहरण घ्या: जे सूत्र मूळ डेटाच्या ठिकाणी चालवता येत नाही, त्यासाठी ते फक्त पहिल्या ५०० ओळी खाली आणतं, ही मर्यादा वाढवून २,००० पर्यंत नेता येते, पुढे नाही. हे त्यांनी लपवलेलं नाही, मदतीच्या पानांवर स्पष्ट लिहिलंय आणि ॲप बनवताना इशाराही येतो. पण बनवताना तुमच्याकडे चाळीस ओळी असतात, तेव्हा पिवळ्या खुणेकडे कोण बघतं? दिवसाला शंभर गाड्या धरल्या तर २,००० ओळी वीस दिवसांत होतात. तुमचं ‘महिनाभरात’ इथे जुळतंय. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद अशीच मागे राहिली होती. एक्सेलच्या जुन्या फाइलमध्ये ओळीच संपल्या होत्या. तुमच्या टूलच्या मदत पानांवर ‘मर्यादा’ हा भाग शोधा आणि हंगामाच्या कमाल पावत्यांशी ताडून पाहा. बेरीज फोनवर न करता डेटाबेसमध्येच करून आणता येते का, हा विचारायचा प्रश्न आहे.

तिसरी चूक म्हणजे २,८६० चे २,६८०. इथे लो-कोड की कोड हा वादच नाही. आकडा माणसाच्या बोटातून जाऊच नये. काट्याच्या इंडिकेटरच्या (वजन दाखवणाऱ्या डब्याच्या) मागे सहसा सिरियल पोर्ट, म्हणजे संगणकाची केबल जोडायची जागा, असतो. काट्यावरच्या संगणकाला केबल जोडून तिथला आकडा वाचणारा छोटा प्रोग्रॅम लागतो. हे काम मोबाइलवर चालणारं ड्रॅग-ड्रॉप ॲप सहसा करू शकत नाही. पण हा काही साडेपाच लाखांचा प्रकल्प नव्हे, जाणत्या माणसाचं दोन-चार दिवसांचं काम आहे. तुमच्या पुण्याच्या भावाला हेच द्या! बोलतोय ना, मग शनिवारी रात्रीच्या गाडीने येऊन करून जाऊ दे. त्याला एकच अट घाला: काट्याचं वजन स्थिर झाल्याशिवाय आकडा घ्यायचा नाही. चालक केबिनमध्ये बसलाय की उतरलाय हे मात्र प्रोग्रॅमला दिसत नाही, ते गेटवरच्या माणसानेच पाहायचं.

भावाचं म्हणणं टाकून देऊ नका. बदलांचा इतिहास ठेवणं, हिशोबाच्या परीक्षा आपोआप चालणं, कोणी काय बदललं हे कळणं, या गोष्टी हाताने लिहिलेल्या कोडमध्ये सहज जमतात आणि लो-कोडमध्ये टूलच्या मेहेरबानीवर अवलंबून असतात. पण त्याला प्रेमाने एक विचारा: डिसेंबरात रात्री नऊ वाजता यार्डात तीस गाड्या उभ्या असताना फोन केला तर उचलशील का? पुढच्या वर्षी कंपनी बदललीस, परदेशी गेलास, तर? तो रागावला तरी चालेल. खात्रीचं उत्तर नसेल तर सगळी जिनिंग त्याच्या कोडवर टांगू नका. माझ्या टायफॉइडचा किस्सा त्याला सांगा.

मग कोणतं काम कुठे ठेवायचं? मी तुमच्या जागी असतो तर असं करतो.

हिशोबपुस्तक, जीएसटी, टीडीएस यांना हात लावणार नाही. ते तुमच्या सीएंच्या ओळखीच्या तयार अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्येच राहू द्या. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर १५ नोव्हेंबर २०१७ पासून जिनिंगवाल्यालाच उलट आकारणीने कर भरावा लागतो. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) सक्तीचं होण्याची उलाढालीची मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी होती, ती टप्प्याटप्प्याने उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. हे बदल सरकार करतं आणि तुम्हाला विचारून करत नाही. त्यांच्यामागे धावण्यासाठी सॉफ्टवेअर कंपन्या माणसं ठेवतात, तुम्ही कशाला धावता? टॅलीत एखादा जास्तीचा रकाना किंवा बिलाचा वेगळा नमुना हवा असेल तर टीडीएल आहे, म्हणजे टॅलीचीच भाषा. पण टीडीएलवाल्याकडून उचल, ओलावा, हमाली असं सगळंच टॅलीत कोंबून घेऊ नका. दर अपडेटला धडधड होते.

गेटवरची नोंद, गाडीचा फोटो, ओलाव्याचा आकडा, शेतकऱ्याला जाणारा मेसेज हे तुमच्या लो-कोड ॲपमध्येच राहू द्या. हे पडदे दर हंगामाला बदलतात आणि ते बदलणारं माणूस ऑफिसातच हवं. ते माणूस तुम्ही आहात. साडेपाच लाख देऊन पावतीवर एक ओळ वाढवायला जळगावला फोन करत बसणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

राहिला मधला गाभा: भाव बाकीचा माल, त्यावर तुकड्यातुकड्याने ठरलेले भाव, उचलीची वळती, हमाली, शेवटची हिशोबपट्टी. हा भाग नीट डेटाबेसमध्ये, साध्या लिहिलेल्या कोडमध्ये ठेवा. दोन-तीनशे ओळींचं काम असेल. त्यात बटणं नाहीत, रंग नाहीत. आकडे आत, आकडे बाहेर. शेतकरी पैसे याच्यावर नेतो, म्हणून हा भाग वाचता आला पाहिजे, तपासता आला पाहिजे आणि दुसऱ्या माणसाला समजला पाहिजे. अकरा ‘जर’वाल्या सूत्रात यातलं एकही होत नाही.

सगळं एकाच छताखाली हवं असेल तर मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याची सगळी कामं सांभाळणारं सॉफ्टवेअर पाहून ठेवा. मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, रकाने आणि फॉर्म क्लिक करून वाढवता येतात आणि जिथे अडेल तिथे पायथॉनमध्ये कोड लिहिता येतो. मात्र ते मोठं घर आहे. दोन खोल्यांचं काम असताना त्यात शिरलात तर झाडलोटच जास्त होईल. यंदा लगेच उडी मारू नका.

जळगावच्या कोटेशनवाल्याला मी चोर ठरवत नाही. त्याचे साडेपाच लाख वाजवीही असतील. पण सही करण्याआधी विचारा: कोडची प्रत आणि डेटाबेसचा पासवर्ड आमच्या हातात लेखी मिळणार का? हंगामात बदल सांगितला तर किती दिवसांत आणि किती रुपयांत? आणि या साठ क्विंटलच्या तीन गाड्यांचा हिशोब तुमचं सॉफ्टवेअर आत्ता, माझ्यासमोर करून दाखवेल का? शेवटच्या प्रश्नावर तो “करून घेऊ” म्हणाला, तर तुम्ही मांडणीसकट सगळं त्याला शिकवणार आणि पैसेही तुम्हीच देणार, हे ओळखा.

टूलचा खर्चही मोजा. महिन्याला दर माणसामागे पैसे असतील तर हंगामाचे पाच महिने गेटवर, काट्यावर, ऑफिसात मिळून किती लॉगिन लागतात, आणि बंद हंगामात ते कमी करता येतात का, हे पाहा. बरेच जण बारा महिने पूर्ण भरत राहतात.

आता दिवाणजी. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीत आहे आणि तोही जरा वैतागून: ‘त्यांना ॲप नको असतं.’ माझ्या मते या सगळ्यात सर्वात महाग सॉफ्टवेअर तेच आहेत. त्यांच्याजवळ एक दुपार बसा आणि नियम लिहून घ्या. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेतं. तुमच्याकडे १३ निघाला तर काय करता? ते म्हणतील, “माणूस पाहून.” इथे अनेकांचं डोकं फिरतं आणि ‘माणूस पाहून’चंही सूत्र करायला बसतात. करू नका. एक रकाना ठेवा: ‘दिवाणजींनी दिलेली सूट’, आणि शेजारी कारण. जुना शेतकरी आहे, रात्रभर रांगेत उभा होता, गाडी पंक्चर झाली होती, काय असेल ते. सूट त्यांनी द्यावी, ॲपने फक्त लक्षात ठेवावी. सहा महिन्यांनी वडिलांसमोर बसाल तेव्हा वर्षात किती सूट गेली हे कळेल, आणि दिवाणजींचा मानही राहील. त्यांचा विरोध बहुधा ॲपला नसतो. आपलं डोकं काढून घेतलं जातंय, याला असतो.

अशाच प्रश्नाची आणखी पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांनाही दोन शब्द. सावदा-फैजपूरकडच्या केळी व्यापाऱ्यांनो, तुमचा भाव रोज बदलतो आणि माल थांबत नाही. तुम्हाला भाव बाकीची भानगड नाही, म्हणून साधं लो-कोड ॲप तुम्हाला बराच काळ पुरेल. नंदुरबारचे मिरचीवाले, पथारीवर ओली मिरची वाळून वजन उतरतं, तिथे आत आलेला आणि बाहेर गेलेला माल कधीच सारखा नसतो. तुमचा गाभा तोच. दालमिलवाल्यांचंही तेच: एक माल आत, तीन-चार बाहेर. जिथे एकाचे अनेक होतात किंवा आजचं उद्यावर जातं तिथे थांबून मांडणी करा. बाकीचे पडदे कशातही करा.

वेळेचंही बोलून घेतो. चालू हंगामात काही बदलू नका. सव्वाशेसारखे फरक हाताने तपासा. भाव बाकीची खाती दिवाणजींच्या वहीशी जुळवल्याशिवाय हिशोबपट्टी देऊ नका. खरं काम आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर. (आखाजीला माहेरवाशिणी येतात, घर भरलेलं असतं, तेव्हा लॅपटॉप उघडलात तर आई ओरडेल.) आखाजी ते पोळा हे तीन-चार महिने मांडणी, काट्याची केबल आणि गाभ्याचा कोड. गणपतीत गेल्या हंगामातल्या शंभर हिशोबपट्ट्या नव्या पद्धतीत घालून पाहा. सोप्या नको, भांडणं झालेल्या निवडा. दसऱ्याला काट्याची पूजा झाली की पहिले पंधरा दिवस वही आणि ॲप दोन्ही. रोज रात्री एक ढोबळ ताळा करा: शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या गाठीमागे पाच क्विंटलच्या आसपास कापूस. आवक आणि गाठी यांचं गणित पार विस्कटलं असेल तर कुठेतरी ओळी गळताहेत. हा ताळा कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीने शोधलेला नाही, तुमच्या आजोबांनाही येत असेल.

तुमच्या बारीक अक्षरातल्या प्रश्नाकडे येतो. करायला नकोच होतं का? मला वाटतं, उलट तुम्ही ते अर्ध्यावर सोडलंत. ॲप बनवायला शिकलात, त्याच्याखालचा डेटा मांडायला शिकला नाहीत, कारण टूलवाल्यांनी त्याची गरजच नाही असं सांगितलं. तीन महिने एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिका. टेबल, किल्ल्या, जोडणी, बेरीज, बस्स. मोबाइलवर मराठीतून शिकवणारेही आता सापडतात. ते आलं की तुम्ही भावाशी त्याच्या भाषेत भांडू शकाल आणि जळगावच्या माणसाचं कोटेशनही वाचू शकाल. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तूप बनवायला निघालेली कंपनी पुढे विप्रो म्हणून संगणकात गेली, आणि तुम्ही बी.कॉम. आहे म्हणून संकोच करता!

वडिलांशी बोलताना ‘ॲप’ हा शब्द आठ दिवस काढू नका. कागदावर तीन गाड्या लिहा, दोन भाव लिहा आणि सव्वाशे कुठे गेले ते बोट ठेवून दाखवा. आयुष्यभर कापसाचा हिशोब केलेल्या माणसाला ते एका मिनिटात कळेल.

आणि त्या शेतकऱ्याकडे जा. “हिशोब कसा व्हयना?”, म्हणजे हिशोब कसा झाला, असं त्याने गेटवर विचारलं तेव्हा, तुम्ही लिहिता तसं, ऑफिसात कोणाकडेच उत्तर नव्हतं. आता आहे. दुरुस्त हिशोबपट्टी, सव्वाशे रुपये आणि अर्ध्या क्विंटलचं ते गणित त्याच्या हातात द्या. मग नव्या कोडची पहिली परीक्षा त्याच्याच खात्याने करा: १८.४०, २२.१०, १९.५०; चाळीस ७,१०० ने, वीस ७,३५० ने. उत्तर ४,३१,००० आलं पाहिजे.